ब्रेक ऑइलचं वय पावसाळ्यांत मोजा

आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकांची गाडी सात वर्षांची आहे आणि मीटरवर जेमतेम २१ हजार किलोमीटर. कोथरूडहून मंडई, महिन्यातून एकदा मुलीकडे हिंजवडीला, आणि वर्षाकाठी एक कोकणची फेरी. मागच्या महिन्यात गॅरेजवाल्याने ब्रेक ऑइल बदलायला सांगितलं तेव्हा ते चिडूनच माझ्याकडे आले. "अरे, गाडी चालतेच कुठे? इंजिन ऑइलचं समजू शकतो. हे डबीत नुसतं पडून आहे, लेव्हलही बरोबर आहे. ते खराब कशाने होणार?"

पडून राहिल्यानेच होणार. हे ऐकून काका थबकले आणि आमचा अर्धा तास जिन्यातच गेला.

पहिली गोष्ट, ब्रेक ऑइलमध्ये ऑइल नसतं. नाव रूढ आहे, मीही तेच वापरतो, पण आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांत असतात ती ग्लायकॉल ईथर नावाची रसायनं. ती पाण्यात विरघळतात. कुणी घाईत त्या डबीत खरोखरचं तेल ओतलं, तर ब्रेकमधली रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडून बसावं लागतं. काम मात्र सोपं आहे: शाळेत शिकलेला पास्कलचा नियम. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रवाला ढकलतो, द्रव दाबला जात नाही, म्हणून तो दाब जसाच्या तसा चाकापाशी कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यात, पोहोचतो आणि पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळतात. सगळा भरवसा "द्रव दाबला जात नाही" या एका वाक्यावर आहे.

आता पाणी. डबीच्या झाकणाला हवा आत यायला बारीक वाट ठेवलेली असते, कारण पॅड झिजतील तशी आतली पातळी उतरते. चाकांकडे जाणारे रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतात, पण पाण्याचे रेणू रबरातूनही हळूहळू आत झिरपतात. आणि आतला द्रव त्यांची वाटच पाहत असतो. ग्लायकॉल ईथरच्या साखळीत मधे मधे ऑक्सिजनचे अणू असतात, त्यांच्यावर किंचित ऋण भार. पाण्याच्या हायड्रोजनवर किंचित धन भार. दोघं एकमेकांना धरून बसतात. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलसर होते, तसंच काहीसं इथे बंद डबीत चालू असतं. गाडी मुंबईला जाऊन येवो की जूनपासून सप्टेंबरपर्यंत पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी राहो, हे थांबत नाही. म्हणून बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत ब्रेक ऑइलसाठी वर्षं दिलेली असतात: साधारण दोन, काहींच्या तीन. काकांच्या गाडीने सात पावसाळे पाहिले होते.

पाणी शोषणं हा दोष आहे असं बरेच जण समजतात. मला तो या द्रवाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. पाणी तर आत येणारच. द्रवाने ते स्वतःत सामावून घेतलं नाही, तर त्याचे थेंब वेगळे राहतील, जड असल्याने खाली कॅलिपरमध्ये साचतील, तिथे गंज धरतील आणि सुमारे १०० अंशांना उकळतील. सिलिकॉनच्या डॉट ५ द्रवात हीच अडचण येते (डॉट आणि पुढचा आकडा म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत). ग्लायकॉल पाणी पसरवून टाकतं, त्यामुळे धोका एका जागी गोळा होत नाही. फक्त या पसरवण्याची किंमत उत्कलनबिंदूत मोजावी लागते. कोऱ्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरलं तरी किमान १४० राहायला हवा. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ साठी २६० आणि १८०.

१४० अंश म्हणजे खूप, असं वाटेल. सिंहगडावरून गाडी खाली आणा. १,२०० किलोची गाडी ५०० मीटर उंची उतरली असं धरू. ती सगळी ऊर्जा ब्रेकने रिचवली, तर तेवढ्या उष्णतेत एक मोठी बादलीभर, म्हणजे १८-१९ लिटर पाणी उकळीला येईल. हे सगळं चार चाकांच्या ब्रेकमध्ये, त्यातही बरंचसं पुढच्या दोन चाकांत.

आणि उकळणं नेमकं कधी होतं, ते बघण्यासारखं आहे. जोरात ब्रेक दाबलेला असताना आतला दाब हवेच्या दाबाच्या ५० पटही असू शकतो. एवढ्या दाबाखाली शुद्ध पाणीसुद्धा २६० अंशांच्या पुढेच उकळेल. म्हणजे पाय पेडलवर असताना द्रव तग धरतो. पाय उचलला की दाब क्षणात उतरतो, आणि तापलेला द्रव तेव्हा उकळतो. शिवाय पायथ्याशी भज्यांसाठी गाडी थांबवली की डिस्कवरून वाहणारा वारा थांबतो. डिस्कमधली उष्णता पॅडमधून, दट्ट्यातून मागे द्रवात शिरत राहते. कॅलिपरमधला द्रव सगळ्यात जास्त तापतो तो कधी कधी थांबल्यानंतर. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीत मी हे अनुभवलं. घाटात ब्रेक छान लागत होते. पंधरा मिनिटं थांबून निघालो आणि पहिल्याच वळणावर पेडल निम्म्यापर्यंत मऊ, ओल्या स्पंजासारखं गेलं. तीन-चार वेळा पंपिंग केल्यावर पकड आली. ऑइल पाच वर्षांत बदललेलं नव्हतं.

मऊ का लागतं? पाण्याचा एक थेंब, म्हणजे अंदाजे ०.०५ मिलिलिटर, वाफ झाला की साध्या दाबाला ८० मिलिलिटरच्या आसपास जागा मागतो. पेडल पूर्ण दाबून मास्टर सिलिंडर ढकलतो ते जेमतेम दोन-तीन चमचे द्रव. वाफ दाबली जाते. तुमच्या पायाची सगळी हालचाल वाफ दाबण्यातच संपते, पॅडपर्यंत काही पोहोचत नाही.

डॉट ४ मध्ये यावर जो उपाय केला आहे, त्याच्या मी प्रेमात आहे, त्यामुळे थोडं रसायनशास्त्र सहन करा. त्यात बोरेट एस्टर असतात: मध्ये बोरॉनचा अणू, त्याला तीन ऑक्सिजन, आणि प्रत्येक ऑक्सिजनमागे ग्लायकॉल ईथरची एकेक शेपटी. बोरॉनच्या बाहेरच्या कक्षेत आठऐवजी सहाच इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे एका जोडीची जागा रिकामी. पाण्याच्या ऑक्सिजनकडे न वापरलेली इलेक्ट्रॉनची जोडी असते. ती या रिकाम्या जागेत शिरते, एक शेपटी सुटते, सुटलेल्या शेपटीला पाण्यातला हायड्रोजन मिळतो आणि बोरॉनकडे उरलेला ओएच राहतो. पाण्याचा रेणू पाणी म्हणून उरतच नाही! सुटलेली शेपटी पुन्हा ग्लायकॉल ईथरच, म्हणजे द्रवाचाच भाग. पण हे एस्टर खर्च होत जातात आणि ते संपत आले की पुढचं पाणी मोकळंच राहतं.

मग घ्यायचं कुठलं? डबीच्या झाकणावर लिहिलंय ते. तिथे डॉट ३ असेल तर डॉट ४ सहसा चालतं; उलटं करू नका. ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, नावात ५.१ च्या शेजारी असूनही वेगळ्या कुळातलं. ते यांत कधीच ओतू नका. रोजच्या शहरातल्या गाडीला "रेसिंग" लिहिलेली महागडी बाटली लागत नाही. नाना पेठेतल्या कुठल्याही दुकानात योग्य ते मिळतं, फक्त सीलबंद आणि लहान बाटली घ्या. गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली महिनोन्‌महिने हवेतलं पाणी पीत असते.

नवले पुलाच्या उतारावर अपघात झाला की बातमीत "ब्रेक फेल" येतं. अवजड ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तिथे हा द्रव नसतो. तिथे चाकातला ड्रम आणि त्याला घासणारं लायनिंग तापून पकड जाते. उतारावर खालचा गिअर ठेवला तर ट्रक असो की कार, ब्रेकवर येणारी उष्णता इंजिन वाटून घेतं. बंपरला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची बांधणाऱ्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण त्या लिंबाने उकळणारा द्रव थांबत नाही, आणि घरची चार माणसं त्याच गाडीत बसतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. आणखी एक: पातळी उतरली म्हणून वरून भर घालत राहू नका. पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे, असं ती पातळी सांगत असते.

काकांच्या गाडीचं काम झालं तेव्हा मी शेजारी उभा होतो. मिस्त्रीने डबीतलं जुनं आधी ओढून काढलं, नवं भरलं, आणि चाकापाशी द्रव बाहेर काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावली. "दाबा... धरून ठेवा... आता सोडा," अशी हाक, आत काका पेडलवर. नळीतून आधी काळपट चहासारखं आलं, एक-दोन बुडबुडे आले, मग फिका, पातळ मधासारखा रंग. मडगार्डवर दोन थेंब पडले ते मिस्त्रीने लगेच पाण्याने धुतले, कारण हा द्रव रंग खातो. शेवटचं चाक झाल्यावर काकांनी पेडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, आणि बाटलीत उरलेलं पाव लिटर घरी न्यायला मागितलं. मी म्हटलं, "काका, ते राहू द्या. दोन वर्षांनी नवी बाटली आणू."