एन फॅक्टोरियल आणि एच घन: पार्टिशन फंक्शनच्या छेदाची पार्श्वभूमी

एम.एस्सी.च्या सांख्यिकीय यामिकीत आदर्श वायूचं पार्टिशन फंक्शन (साऱ्या शक्य स्थितींची भारित बेरीज, जिच्यातून एन्ट्रॉपीसारख्या राशी निघतात) लिहिताना छेदात दोन गोष्टी येतात: एन फॅक्टोरियल (एन म्हणजे कणांची संख्या) आणि प्रत्येक कणामागे एक एच घन (एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक). वर्गात त्यांचं कारण बहुधा एका दमात उरकलं जातं. कण एकसारखे म्हणून पहिला भागाकार, क्वांटम अवस्थेला फेज स्पेसमध्ये (कणांच्या जागा आणि संवेग यांच्या अवकाशात) एच घन एवढी जागा लागते म्हणून दुसरा. उत्तर बरोबर येतं. पण १९२५-२६ची क्वांटम यामिकी जन्मण्याआधीच हे दोन्ही भाजक वापरात होते, आणि ते आले वाफेचा दाब व रासायनिक समतोल यांच्या हिशेबातून. हा क्रम माहीत असला की कुठे भागायचं आणि कुठे नाही, हे पाठ करावं लागत नाही.

पेटीत मधोमध पडदा आहे, दोन्ही बाजूंना एकेक मोल वायू, तापमान आणि दाब समान. वायू वेगवेगळे असतील तर पडदा काढल्यावर एन्ट्रॉपी ११.५ ज्यूल प्रति केल्विन वाढते (दोन आर लॉग दोन, आर म्हणजे वायू स्थिरांक), मग ते वायू कोणतेही असोत. दोन्हीकडे एकच वायू असेल तर वाढ शून्य. फॅक्टोरियल न घेता हिशेब केला तर मात्र या दुसऱ्या वेळीही ११.५च येतात. हाच गिब्जचा विरोधाभास. खुद्द अमेरिकन शास्त्रज्ञ विलर्ड गिब्ज यांना त्यात गूढ वाटलं नव्हतं. १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रदीर्घ निबंधात त्यांनी सांगितलं की, एकाच वायूच्या बाबतीत मूळ स्थितीला परतणं म्हणजे प्रत्येक रेणू शोधून त्याच्या जुन्या बाजूला नेणं नव्हे. १९०२च्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात, रेणूसंख्या बदलू शकते अशा एन्सेम्बलसाठी (एकाच व्यवस्थेच्या अनेक काल्पनिक प्रतींच्या समूहासाठी), त्यांनी रेणूंच्या अदलाबदलीने मिळणाऱ्या साऱ्या स्थिती एकच धरल्या. एन फॅक्टोरियल तिथेच आला.

एच घनाची गोष्ट वेगळी. अभिजात हिशेबात फेज स्पेसचा कप्पा केवढा घ्यायचा हे ठरतच नाही, त्यामुळे एन्ट्रॉपीत एक अज्ञात स्थिरांक उरतो. एन्ट्रॉपीतला फरक काढताना तो गळून पडतो, पण द्रव आणि त्याची वाफ यांच्या समतोलात गळत नाही. १९०६मध्ये नेर्न्स्ट यांनी उष्णता प्रमेय मांडलं. घनरूपाची एन्ट्रॉपी निरपेक्ष शून्यापाशी शून्य धरली, तिथून वर विशिष्ट उष्णता आणि सुप्त उष्णता मोजत गेलं, की वाफेच्या दाबावरून वायूची संपूर्ण एन्ट्रॉपी मिळते. म्हणजे कप्प्याचा आकार प्रयोगशाळेत मोजता येतो! १९११-१२मध्ये ब्रेस्लाऊचे ओटो साकुर आणि अॅमस्टरडॅमचा अवघ्या १७ वर्षांचा ह्यूगो टेट्रोड, दोघांनी स्वतंत्रपणे हा आकार प्लांकच्या स्थिरांकाशी जोडला. वाफेत सुटे अणू असल्याने पारा तपासणीला सोयीचा होता. त्याच्या आकड्यांतून कप्पा एच घनाच्या जवळ आला. साकुर यांचा डिसेंबर १९१४मध्ये बर्लिनच्या प्रयोगशाळेतील स्फोटात मृत्यू झाला.

या दोन भाजकांतून मिळणारं एन्ट्रॉपीचं साकुर-टेट्रोड सूत्र आर्गॉनला लावून पाहावं. २९८.१५ केल्विन आणि १ बारला औष्णिक तरंगलांबी (त्या तापमानाच्या अणूशी निगडित क्वांटम तरंगलांबी) १६ पिकोमीटर येते. एका अणूच्या वाट्याची जागा भागिले या लांबीचा घन, हे गुणोत्तर सुमारे एक कोटी. त्याचा नैसर्गिक लॉग १६.१२, त्यात अडीच मिळवा, ८.३१४ने गुणा: १५४.८ ज्यूल प्रति मोल केल्विन. उष्णतामापनातून येणारं मूल्यही हेच. फॅक्टोरियल विसरलं तर ६०० च्या वर जातं. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे स्टर्लिंगच्या (मोठ्या फॅक्टोरियलचा लॉग काढायच्या) सूत्रातलं नुसतं एन हे पद गाळणं. मग अडीचऐवजी दीड येतं आणि उत्तर बरोबर एका आरने कमी पडतं.

१९२०मध्ये मेघनाद साहांनी इलेक्ट्रॉनला एकअणू वायू मानून एन्ट्रॉपीतला हाच स्थिरांक सूर्याच्या वातावरणातील आयनीभवनाला लावला. साहा समीकरणातला एच घन तिथून आलेला आहे. त्याच सुमारास लायडनचे एहरेनफेस्ट आणि त्यांचे सहकारी ट्र्कल यांनी फॅक्टोरियल वरून चिकटवण्यावर आक्षेप घेतला. त्यांनी रेणू फुटून अणू होण्याचा समतोल घेतला आणि कोणते अणू कोणत्या रेणूत जातील याचे पर्याय मोजले. फॅक्टोरियल त्या मोजणीतून आपसूक निघाले. माझ्या मते क्रमिक पुस्तकांनी सर्वाधिक उपेक्षा केली ती या युक्तिवादाची.

१९२४मध्ये ढाक्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजण्याऐवजी किती कप्प्यांत शून्य, किती कप्प्यांत एक, किती कप्प्यांत दोन कण आहेत, हे मोजलं. आइन्स्टाइन यांनी तो लेख जर्मनमध्ये आणला आणि तीच मोजणी अणूंच्या वायूला लावली. १९२६मध्ये फर्मी आणि डिरॅक यांची मोजणी आली. दोन्हींत एन फॅक्टोरियल मुळात नाहीच. बहुतेक कप्पे रिकामे असतात तेव्हा दोन्ही मोजण्या एन फॅक्टोरियलने भागलेल्या त्याच एका सूत्राकडे झुकतात, इतकंच.

म्हणून आर्गॉनमध्ये, जिथे एका अणूमागे कोटीभर कप्पे आहेत, तिथे भागाकार निर्धास्त चालतो. ४.२ केल्विनच्या द्रव हेलियमची संख्याघनता गुणिले तरंगलांबीचा घन सुमारे दीड भरतो. तिथे हे सूत्र लावू नये. तापमान आणखी उतरवलं तर त्यातून ऋण एन्ट्रॉपी निघते. स्फटिकात जागच्या जागी बसलेल्या स्पिनांना (अणूंच्या चिमुकल्या चुंबकांना) तर फॅक्टोरियलने भागायचंच नाही, कारण प्रत्येकाची ओळख त्याच्या जागेवरून ठरलेली असते. चुंबकीय क्षेत्राच्या मानाने उच्च तापमानाला अर्ध्या स्पिनच्या पॅरामॅग्नेटची एन्ट्रॉपी एन के लॉग दोन (के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक) यायला हवी. भागाकार केला की ती ऋण होते.