उन्हाळा जमिनीखाली काढणारी फुले

युरोपातील पानगळीच्या जंगलात मार्च महिन्यात ओक आणि बीचची झाडे अजून उघडीबोडकी असतात. त्याच वेळी जमिनीवरच्या पालापाचोळ्यातून कोरिडॅलिसची जेमतेम वीतभर उंचीची रोपे वर येतात, फुलतात, बी धरतात आणि वरची पालवी दाट होऊन खाली अंधारून येईपर्यंत, म्हणजे जूनच्या सुमारास, पूर्णपणे दिसेनाशी होतात. वर्षाचा उरलेला बहुतेक काळ ही वनस्पती कंदाच्या रूपाने मातीत राहते. मेळघाटातल्या सागाच्या जंगलातही असेच घडते, मात्र कारण नेमके उलटे असते. एप्रिल-मे महिन्यांत साग निष्पर्ण असल्यामुळे जमिनीपर्यंत ऊन हवे तेवढे पोहोचते, पण मातीत ओल उरलेली नसते. म्हणून कळलावी, रानहळद आणि सफेद मुसळी आपापला साठा जमिनीखाली राखून मृगाच्या पावसाची वाट पाहतात. तिकडे पाणी असूनही उजेड संपतो, इकडे उजेड असूनही पाणी संपते, आणि दोन्हीकडच्या वनस्पतींनी उत्तर एकच काढले आहे.

कोरिडॅलिसच्या 500 च्या आसपास जाती असून त्यांतील बहुसंख्य चीन आणि हिमालयाच्या परिसरात आढळतात. त्यांचे कुळ अफूचे, म्हणजे आपल्या पडीक जमिनीत उगवणारा काटेरी पिवळा धोत्राही त्यांचा नातलगच ठरतो. पण धोत्र्याचे फूल वाटीसारखे सर्व बाजूंनी उघडे असते, तर कोरिडॅलिसचे फूल लांबट आणि मागे नळीसारखे निमुळते झालेले असते. मध या नळीच्या टोकाशी असतो. लांब जिभेच्या माश्या समोरून रीतसर आत शिरतात आणि परागकण पुढच्या फुलाला पोहोचवतात. आखूड जिभेचे काही भुंगे मात्र नळीला बाहेरून भोक पाडून मध काढून घेतात, आणि मग त्या आयत्या भोकाचा लाभ मधमाश्याही घेतात. बियांना चिकटलेला एक स्निग्ध, खाद्य भाग मुंग्यांना आवडतो. त्यासाठी त्या बिया वाहून नेतात आणि बागेत नको तिथेही कोरिडॅलिस उगवू लागते.

बागप्रेमींच्या आवडीच्या जातींत कोरिडॅलिस सॉलिडा अग्रभागी आहे. तिचा भरीव कंद दरवर्षी नव्याने तयार होतो, आणि तिच्या जांभळ्या मूळ रूपाबरोबर ‘जॉर्ज बेकर’ हा विटकरी लाल प्रकारही लोकप्रिय आहे. कोरिडॅलिस कावाचा कंद वाढता वाढता आतून पोकळ होतो. चीनच्या सिचुआन प्रांतातून 1989 मध्ये ब्रिटनच्या बागांत आलेली कोरिडॅलिस फ्लेक्झुओसा तिच्या निळ्या फुलांसाठी वाखाणली जाते. मला स्वतःला मात्र या सर्वांपेक्षा कोरिडॅलिस हेमिडायसेंट्रा अधिक विलक्षण वाटते. नैर्ऋत्य चीनच्या उंच डोंगरांवरील दगडगोट्यांच्या उतारांवर वाढणाऱ्या या जातीच्या पानांचा रंग त्या त्या ठिकाणच्या दगडाप्रमाणे कुठे करडा, कुठे तांबूस, तर कुठे हिरवा असतो, आणि त्यामुळे नजरेने रोप शोधून त्यावर अंडी घालणाऱ्या फुलपाखरांपासून ती काही प्रमाणात वाचते.

यांपैकी कोणतीही जात विदर्भातल्या परसबागेत तग धरेल अशी आशा करण्यात अर्थ नाही. त्यांच्या कंदांना दीर्घकाळ टिकणारी थंडी आणि थंड माती लागते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो. कळलावी मात्र इथलीच आहे. धुऱ्यावरच्या झुडपांत ती पावसाळ्यात आपोआप दिसते आणि सौंदर्यात कोरिडॅलिसपेक्षा तसूभरही कमी नाही. तिचे फूल खाली तोंड करून लटकते, सहा पाकळ्या उलट्या वर वळलेल्या असतात आणि त्यांचा हिरवट पिवळा रंग दिवसागणिक लाल होत जातो. पुंकेसर चहूबाजूंना पसरलेले असल्यामुळे मधासाठी आलेल्या फुलपाखराच्या पंखांना परागकण लागतात.

तिच्या लागवडीत काळ्या जमिनीची अडचण मोठी असते, कारण साचलेल्या पाण्यात कंद कुजतो. गादीवाफा करून मातीत मुरूम आणि शेणखत मिसळावे आणि मृगाच्या थोडे आधी दोन फाट्यांचा कंद सुमारे दोन इंच खोल आडवा ठेवावा. फाट्याच्या टोकाशी असलेला डोळा तुटला, तर त्या फाट्याला कोंब येत नाही. ही वेल पानांच्या टोकांनीच आधाराला विळखा घालते आणि जाड बांबू तिला पकडता येत नाही, म्हणून जवळ तुराट्या किंवा वाळलेली पऱ्हाटी रोवणे उत्तम. हिवाळ्याच्या तोंडाशी वेल वाळते, तेव्हा ती मेली असे समजून जागा खणू नये; खुंटी ठोकून खूण करावी आणि पावसाळ्यापर्यंत तिथे पाणी देऊ नये. रोज पाणी लागणाऱ्या मोगऱ्याच्या आळ्याशेजारी तिला जागा न देण्याचे कारणही हेच आहे.

तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन हे तीव्र विष असते. गाउट या सांधेदुखीवर डॉक्टर ते अत्यल्प मात्रेत देतात, परंतु रताळे किंवा अन्य खाद्य कंद समजून कळलावीचा कंद खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. म्हणून तिचा वाफा रताळी आणि हळदीपासून दूर, मुले व शेळ्या पोहोचणार नाहीत अशा कुंपणाच्या आत असावा, आणि कंद हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.