‘फॉन्ट नाही’ या तक्रारीची पार्श्वभूमी

संगणकावर मराठी मजकूर नीट दिसला नाही की बहुतेक ठिकाणी एकच निदान ऐकू येते : ‘फॉन्ट नाही, टाकून घ्या.’ मजकुराच्या जागी चौकोन आले, वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसली, सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसू लागली किंवा नुसती प्रश्नचिन्हे उमटली, तरी सल्ला हाच. वास्तविक ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. त्यांतले चौकोनाचे दुखणे फॉन्ट टाकून बरे होते आणि प्रश्नचिन्हांचे कशानेच बरे होत नाही. तरीही हा सल्ला इतकी वर्षे टिकून आहे, कारण एके काळी तो अगदी खरा होता.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात मराठीसाठी संगणकात वेगळे कार्ड बसवावे लागे. पुण्यातल्या सरकारी संगणन संस्थेचे गिस्ट कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसले की डॉसवरच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी उमटत असे. मजकूर साठवला जाई तो इस्की या संकेतप्रणालीत, उच्चाराच्या क्रमाने : आधी क, मग पाय मोडल्याची खूण, मग ष. त्यातून पडद्यावर ‘क्ष’ घडवायचे काम कार्डाचे. १९८६ साली ठरलेला इन्स्क्रिप्ट कळफलक याच तत्त्वावर उभा आहे आणि १९९१ मध्ये इस्कीला भारतीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. म्हणजे साठवण एक आणि रूप दुसरे, हा विचार आपल्याकडे तेव्हाच पक्का झाला होता.

पुढच्या पाच-सहा वर्षांत तो बाजूला पडला. विंडोज ३.१ आणि विंडोज ९५ ला देवनागरीचा गंध नव्हता, आणि छापखान्यांना तर पेजमेकर या पाने जुळवण्याच्या प्रोग्रॅमवर मराठी तातडीने हवी होती. मग इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठीचे तुकडे बसवले गेले. एका फॉन्टमध्ये २५६ जागा, त्यांतल्या काही वापरता न येणाऱ्या. सगळी जोडाक्षरे त्यात मावणे शक्यच नव्हते. म्हणून काना, वेलांटी, अर्धा क, अर्धा त, रफार असे सुटे तुकडे केले, आणि कुठला तुकडा कुठल्या जागी हे प्रत्येक फॉन्टवाल्याने स्वतःच्या सोयीने ठरवले. कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सुरेख : प्रत्येकाचा नकाशा निराळा.

कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठतात. फॉन्ट काढला की तीच पाच अक्षरे समोर येतात, श्रीलिपी लावला तर तिसरेच काही. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून टाइपही आधीच करायची, एफच्या कळीने. अशा फाइलमध्ये शोध घ्यायचा तर मराठी शब्द उपयोगाचा नाही आणि नावे अकारविल्हे लावायची सोयच नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी नसतेच. लग्नपत्रिकेचा मजकूर घरी टाइप करून फ्लॉपीवर छापखान्यात न्यावा आणि तिथल्या ऑपरेटरने म्हणावे, ‘फॉन्ट पण आणायचा होता.’ त्याचे म्हणणे पूर्ण बरोबर होते. फॉन्ट म्हणजेच मराठी, अशीच तेव्हाची परिस्थिती होती.

याच काळाने हार्डवेअरचीही एक अडचण मागे ठेवली. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पाने जुळवण्याच्या, अनेक मराठी पॅकेजांना डोंगल असे : परवान्याची खातरजमा करणारे छोटे उपकरण, संगणकाच्या मागच्या पॅरलल पोर्टला लावायचे. ते नसेल तर प्रोग्रॅम उघडतच नाही. पुढे मदरबोर्डवरून पॅरलल पोर्ट गेला आणि जुने संगणक केवळ डोंगलसाठी जिवंत ठेवावे लागले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनला भारतीय लिपींची नीट जोडणी जमली ती २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीत. मधल्या अकरा वर्षांत छापखान्यांना नावे ठेवणे सोपे होते, पण त्यांच्या हाती दुसरे काय होते?

जगातल्या सगळ्या लिपींना एकाच संकेतप्रणालीत बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच. त्यात देवनागरीला मिळालेले १२८ जागांचे कोष्टक इस्कीच्याच मांडणीवर बेतलेले आहे, म्हणजे साठवण आणि रूप वेगळे ठेवण्याचा विचार परत आला. विंडोजमध्ये तो उतरला २००० साली आणि घरोघरी पोचला विंडोज एक्सपीबरोबर. पोचला म्हणजे बंद अवस्थेत पोचला. कंट्रोल पॅनलमधल्या प्रादेशिक सेटिंगमध्ये जाऊन ‘लँग्वेजेस’च्या पानावर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची, म्हणजे अक्षरे जोडून लिहिल्या जाणाऱ्या लिपींची, चौकट टिक करायची, मग संगणक एक्सपीची सीडी मागणार. असेंबल केलेल्या संगणकासोबत ती सीडी बहुतेकांना मिळालेलीच नसे. २००५ च्या सुमारास मी त्या सीडीवरचा आय-३८६ हा लागणाऱ्या फायलींचा फोल्डर वेगळ्या सीडीवर घेऊन नातेवाइकांकडे जायचो. फायली चढल्या, संगणक बंद करून चालू केला आणि चौकोनांच्या जागी पहिल्यांदा सरळ मराठी ओळ उमटली की घरातले सगळे खुर्चीमागे येऊन उभे राहत. तो क्षण मी पंधरा-वीस घरांत तरी पाहिला असेल.

काही जण ती चौकट सोडून फक्त मंगल हा फॉन्ट कुठून तरी आणून टाकत. मग चौकोन जात, पण ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे लटके आणि ‘शक्ती’तला क पाय मोडून तसाच उभा राही. फॉन्ट होता, अक्षरे जोडणारी यंत्रणा झोपलेली होती. ‘फॉन्ट टाका’ हा सल्ला पहिल्यांदा इथे फसला. फॉन्ट टाकूनही मराठी मोडकी दिसते, म्हणजे युनिकोडच कच्चे, असा निष्कर्ष कित्येक कार्यालयांनी काढला आणि ती पुन्हा कृतिदेवकडे वळली. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही यंत्रणा मुळातच चालू असते, पण तोवर मत बनून गेले होते.

यापुढचा गुंता खास मराठीचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. आपल्याकडे र आणि य एकत्र येण्याच्या दोन रीती आहेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ वाढले की ‘आचाऱ्यांना’ वाढले, यात पंगतीचा सगळा अर्थ बदलतो. रफार असेल तर मागच्या अक्षरावर आघात येतो, ऱ्या असेल तर येत नाही. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही. त्यामुळे र, पाय मोडल्याची खूण आणि य असे लागोपाठ आले की रफार काढायचा, हा नियम देवनागरीसाठी सरसकट ठरला. मग मराठीचा अर्धा र कसा लिहायचा?

याला दोन उत्तरे दिली गेली. युनिकोडच्या १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली रीत अशी : र, पाय मोडल्याची खूण, आणि त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह. दुसरे उत्तर इस्कीच्या परंपरेतले : खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. हा ऱ कोष्टकात आहे तो मुळात द्राविडी भाषांतल्या एका र-ध्वनीचे लिप्यंतर करण्यासाठी. त्याच्या अर्ध्या रूपावर मराठीचे काम सोपवले गेले. पुढे हीच रीत मुख्य मानली आणि पहिली सुसंगतीसाठी म्हणून तशीच चालू ठेवली.

माझ्या मते नुकसान झाले ते या ‘चालू ठेवण्या’मुळे. पडद्यावर दोन्ही ‘शेतकऱ्यांना’ हुबेहूब सारखे दिसतात, साठवणीत मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे ची कळ दाबणाऱ्याला ऱ मिळतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची काही साधने जॉइनर घालतात. दोघांनी मिळून एक यादी केली की तिच्यात शोध अर्धाच लागतो. एका कार्यालयातली लाभार्थ्यांची यादी माझ्यासमोर होती. ‘पांढऱ्या’ शोधल्यावर रेशनकार्डांच्या ओळींपैकी निम्म्या सापडल्या आणि उरलेल्या डोळ्यांना दिसत असूनही सापडेनात. कारकून बाईंनी स्पेलिंग तीनदा तपासले. स्पेलिंगमध्ये काही चूक नव्हती. मी प्रत्येक शब्दात कर्सर एकेक घर सरकवत बॅकस्पेसने मागून पुसत गेलो, तेव्हा एका प्रकारात एक कळ ‘वाया’ गेल्यासारखी वाटली. तिथे जॉइनर होता.

यातून आणखी एक इजा झाली. न दिसणारे चिन्ह म्हणजे कचरा, असे समजून काही सॉफ्टवेअर ते मजकुरातून गाळून टाकतात. गाळले की अर्ध्या र चा रफार होतो, आणि बातम्यांमधून व शासकीय मजकुरातून ‘शेतकर्यांना’, ‘कर्मचार्यांना’, ‘दुसर्या’ अशी रूपे डोळ्यांपुढे येतात. वाचणारा लिहिणाऱ्याला अशुद्ध ठरवतो. लिहिणाऱ्याने तर बरोबर लिहिलेले असते. मराठीत विभक्ती लागताना ऱ्या इतक्या वेळा येतो की एका पानावर दहा-पंधरा ठिकाणी तरी तो सापडेल. इतक्या नेहमीच्या रूपाला न दिसणाऱ्या चिन्हाच्या भरवशावर सोडायला नको होते. ऱ ची रीत दिसायला परकी वाटते, पण तिच्यातले प्रत्येक चिन्ह टिकते. आज नवा मजकूर तयार करणाऱ्याने तीच वापरावी, आणि जुना मजकूर एकदा शोधा-आणि-बदला करून तिच्यावर आणावा.

ॲ ची कथा याच वळणाची. ‘ॲड.’, ‘ॲप’ असे शब्द मराठीत रोजचे, पण अ वर चंद्र असलेले स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तोवर काहींनी अ पुढे चंद्र जोडला, तर काहींनी ए वर चंद्र असलेला ऍ वापरला, कारण जुन्या कळफलकावर तोच हाताशी होता. जोडलेला चंद्र कित्येक ठिकाणी टिंबांच्या वर्तुळावर जाऊन बसे. ते टिंबांचे वर्तुळ म्हणजे संगणकाचे सांगणे असते की या खुणेला बसायला अक्षर मिळाले नाही. दुकानात मात्र त्यावरही फॉन्टच बदलून मिळे.

चौकोन सोडले तर खऱ्या अर्थाने फॉन्टची म्हणावी अशी तक्रार एकच, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली : अक्षराचे वळण. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे असल्याने मराठी माणसाला ते परके वाटत. नोव्हेंबर २००९ मध्ये राज्य शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात ल आणि श ची मराठी वळणे प्रमाण ठरवली. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही वळणे ठेवून मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा मराठी वळण दाखवण्याची सोय ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात आहे. त्यासाठी मजकुराची भाषा ‘मराठी’ नोंदलेली असावी लागते. वर्डमध्ये ती बऱ्याचदा हिंदी किंवा इंग्रजीच राहिलेली असते.

अलीकडच्या काळात चित्र बरेच बदलले. विंडोज ८ पासून निर्मला हा फॉन्ट सोबत येतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या सुधारणेत मराठीचा ध्वन्यात्मक कळफलक आला, आणि त्याच सुधारणेत नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवण्याच्या रीतीत, साठवू लागले. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी आहे. आधीचे नोटपॅड ‘ॲन्सी’ या देवनागरीला जागा नसलेल्या जुन्या रीतीत साठवत असे. एक इशारा यायचा, लोक घाईत ‘ओके’ दाबायचे आणि फाइल पुन्हा उघडली की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. ती प्रश्नचिन्हे खरोखरच साठलेली असतात. मूळ अक्षरे गेली ती गेलीच.

एक्सेलमध्ये सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल, उघडल्यावर दिसणारा गोंधळ त्याहून निराळा आणि निरुपद्रवी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्यापुढे चार टोके असलेले चलनाचे चिन्ह, हीच जोडी पुन्हापुन्हा दिसली तर घाबरू नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि पहिले दोन बहुतेक वेळा सारखेच असतात. एक्सेल त्यांना सुटी इंग्रजी अक्षरे समजून दाखवते. फाइल थेट न उघडता डेटाच्या मेनूतून आत घ्यावी आणि यूटीएफ-८ निवडावे, सगळे जागेवर येते.

एक्सपीला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. प्रत्येक वेळी कुठल्या तरी कपाटातून जुन्या फायली बाहेर येतात आणि कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या जातात. कन्व्हर्टर बहुतेक काम नीट करतो, चुकतो तो वेलांटी आणि रफार यांच्या जागांवर, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टाइप केलेला असे, तर युनिकोडला ते उलट हवे असते. म्हणून रूपांतर झाल्यावर सगळी फाइल वाचत बसण्याआधी ‘स्थिती’, ‘वर्षी’, ‘कर्मचाऱ्यांनी’ आणि ‘ॲडव्होकेट’ हे चार शब्द शोधून पाहावेत. सापडले नाहीत तर मूळ फाइल पुसू नये.