धुपलेल्या मातीतला कर्ब जातो कुठे?

जमिनीची धूप हा दीर्घकाळ केवळ सुपीकतेचा प्रश्न मानला गेला. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील शेते धुळीच्या वादळांनी उजाड केल्यावर १९३५ मध्ये तेथे मृद्संधारणाचा कायदा झाला, तेव्हाही चिंता होती ती पिकाची आणि शेतकऱ्याच्या संसाराची. मातीबरोबर वाहून जाणारा सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-मुळांतून मातीत आलेला कार्बन, पुढे हवेत मिसळतो की कुठे साठून राहतो, हा प्रश्न हवामानबदलाच्या चर्चेमुळे ऐरणीवर आला.

१९९८ मध्ये अमेरिकी भूशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टॅलार्ड यांनी लक्ष वेधले ते गाळाकडे. खलाटीत, तळ्यांत आणि धरणांत माती पुरली गेली की तिच्यातला कर्ब सावकाश कुजतो, आणि वरच्या उघड्या उतारावर पिकांची मुळे नवा कर्ब भरत राहतात. अशा रीतीने वर्षाला ६० ते १५० कोटी टन कर्ब जमिनीत अडकत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांनी २००३ मध्ये याच्या नेमके उलट मांडले. धूप होताना मातीची ढेकळे फुटतात, आत जपलेला कर्ब सूक्ष्मजीवांच्या हाती लागतो. वाहत्या कर्बाचा पाचवा हिस्सा असा कुजतो असे धरले, तर ८० ते १२० कोटी टन कर्ब दरवर्षी हवेत जातो. दोन्ही आकडे जवळपास तेवढेच मोठे, पण एक जमा आणि दुसरा खर्च! माझ्या मते या मतभेदाचे मूळ हिशेबाच्या चौकटीत होते: लाल वाहत्या मातीचा माग घेत होते, तर स्टॅलार्ड मागे उरलेला उतार आणि खाली भरलेला खळगा हेही धरत होते.

मोजमापाला आधार मिळाला तो अणुचाचण्यांच्या राखेतून. १९५० आणि १९६०च्या दशकांत जगभर पसरलेले सीझियम-१३७ हे किरणोत्सारी मूलद्रव्य मातीच्या कणांना घट्ट चिकटते. जिथे ते कमी सापडते तिथली माती गेली, जिथे जास्त तिथे साचली. याच खुणेच्या आधारे धुपीचे अभ्यासक क्रिस्टोफ व्हॅन ऊस्ट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये युरोप-अमेरिकेतील शेते तपासली. वाहून गेलेल्या कर्बाच्या सुमारे २६ टक्क्यांइतका कर्ब हवेतून जमिनीत आला होता. जगाच्या शेतजमिनीसाठी हा आकडा वर्षाला अवघा १२ कोटी टन निघाला, म्हणजे आधीच्या दोन्ही दाव्यांपेक्षा पुष्कळ कमी.

तरीही हा हिशेब जसाच्या तसा दख्खनच्या माळरानाला लावू नये, असे मला वाटते. उतारावर नवा कर्ब भरण्यासाठी तिथे पीक जोमाने उभे राहावे लागते, आणि वीतभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या शेतात धूप काही वर्षे चालली की मुळांना रुजायला मातीच उरत नाही.