दहावा हार्मोनिक आणि कीबोर्डचा गंधार

ग्वाल्हेरच्या मंचावर तुवाचं कंठगायन, आपली वाद्यं आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र आणायचं तर काय सांभाळावं, ते पाहू. ग्वाल्हेरच्या कानांना स्वयंभू गंधार नवा नाही. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो त्या तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट वारंवारतेचा उपस्वर. दक्षिण सायबेरियातल्या तुवाचे गायक हेच गळ्यातून करतात. त्यांच्या सिगित शैलीत खालचा सा धरून ठेवायचा, जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवायचं, कडा दाढांना चिकटवायच्या आणि एका बाजूला बारीक फट सोडायची. मुखातले दोन अनुनाद जवळजवळ एकत्र येतात आणि एकच हार्मोनिक शिट्टीसारखा वर उठतो. सहावा म्हणजे प, आठवा सा, नववा रे, दहावा ग, बारावा पुन्हा प. भूपाला धैवत तेवढा कमी पडतो. सातवा आणि अकरावा गायक सहसा टाळतात.

साथीला सरोद-सारंगी उत्तम, त्यांना पडदे नाहीत. सरोदवादक हाफिज अली खाँच्या गावात सरोद तर हवंच. अडतं ते कीबोर्डपाशी. सा पांढरी दोनचा, म्हणजे १४६.८ हर्ट्झ धरू. दहावा हार्मोनिक १४६८ हर्ट्झवर येतो, सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेल्या कीबोर्डचा तोच ग १४८० वर. सेकंदाला बारा विस्पंद (आवाजाचे चढउतार) होतात आणि स्वर खरखरतो. म्हणून सिंथेसायझरचा ग १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरवा, रे ४ सेंट चढवा. हार्मोनियमचे सूर असे हलवता येत नाहीत, म्हणून सा-पवरच थांबू द्या.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्वांत जास्त बिघडतं ते सा हलल्यामुळे. सा ३ हर्ट्झ उतरला की दहावा हार्मोनिक ३० हर्ट्झ उतरतो. तो वेगळा काढणारा फिल्टर दोन्हीकडे २० हर्ट्झचाच असेल तर हार्मोनिक निसटतो. ५० हर्ट्झ ठेवा, शेजारचा हार्मोनिक तरीही १४७ हर्ट्झ लांब असतो. गायकाच्या कानात तंबोरा द्याच.

तुवाच्याच कार्गिरा शैलीत खोट्या स्वरतंतूंची (खऱ्यांच्या वरच्या पडद्यांची) कंपनं खऱ्यांच्या निम्म्या वेगाने होतात, त्यामुळे ७३.४ हर्ट्झचा खर्ज उमटतो. स्वर ओळखणारं सॉफ्टवेअर त्यालाच सा समजून दहावा ७३४ वर शोधू लागतं. तिथे सा हाताने भरावा आणि मिक्सरवरचा लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) बंद ठेवावा, नाहीतर तो खर्जच कापला जातो.

रिंग मॉड्युलेटर आलेल्या स्वराच्या आणि स्वतःच्या वारंवारतेची बेरीज आणि वजाबाकी बाहेर काढतो. त्याची वारंवारता सा-च्या दुप्पट, २९३.६ ठेवा. दहाव्यातून आठवा आणि बारावा, म्हणजे सा आणि प निघतात. आठव्यातून प आणि ग. नवव्यातून मात्र नेमके सातवा आणि अकरावाच बाहेर पडतात. त्यामुळे मॉड्युलेटरला सहाव्या, आठव्या आणि दहाव्याचेच फिल्टर जोडा, रे तसाच कोरडा, मॉड्युलेटरशिवाय जाऊ द्या.