बेदाणा शेडचे पडदे आणि वळवाचा पाऊस : ग्राहकांसाठी माहिती

मार्च लागला की दुपारी, द्राक्षं वाळवायच्या शेडचे पडदे शिवणाऱ्या आमच्या दुकानातला फोन एकाच प्रश्नासाठी वाजतो : "आज येतोय का पाऊस? पडदे सोडायचे का?" म्हणून हे पत्रक.

ऊन वाढलं की बेदाणा चांगला वाळतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण तीच उष्णता वळवालाही बळ देते. जमीन तापलेली असते, त्यात समुद्रावरचं बाष्प आलं की दुपारी ढग झपाट्याने वर चढतात आणि तीन-चारनंतर कोसळतात. असा ढग काही किलोमीटरचाच असतो. हवामान खात्याचा इशारा मात्र अख्ख्या सांगली जिल्ह्याला असतो. त्यामुळे सावळजला पाऊस आणि मणेराजुरी कोरडी, असं होऊ शकतं. म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा.

खरं नुकसान होतं ते ढग डोक्यावर आल्यावर पडदा सोडल्याने. पावसाच्या आधी वारा येतो. ढगातून खाली आदळलेली गार हवा चहूकडे पसरते, धुरळा उठतो, आणि तोवर वेळ गेलेली असते. खालची दोरी बांधायची राहिलेला पडदा शिडासारखा फुगतो, आयलेट (दोरी ओवायच्या कड्या) निघतात, पाइप वाकतो, ओला पडदा रॅकवर वाळत असलेल्या मालावर आपटतो. दुसऱ्या दिवशी तोच चिखलाने माखलेला पडदा दुरुस्तीला येतो. तो धुऊन वाळवल्याशिवाय सांधा धरत नाही. दिवस तिथेच मोडतो, आणि संध्याकाळी पुन्हा आभाळ भरतं.

तेव्हा इशारा असेल त्या दिवशी सकाळीच दोऱ्या-खुंट्या तपासा. पडदे वर गुंडाळलेलेच ठेवा. दिवसभर बंद ठेवले तर हवा कोंडते आणि माल काळा पडतो. दुपारी हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर असू द्या, जवळपास वीज पडत असेल तर ते कळवतं. लांबवर गडगडलं की लगेच पडदा सोडा आणि खालची दोरी आधी बांधा. पाऊस आणि विजा थांबल्या की पडदे वर करा, रात्र असली तरी.

विजा चालू असताना आमची माणसं लोखंडी शेडवर चढत नाहीत, ग्राहक कितीही जुना असो. याचा राग मानू नये. फोनवर सांगितलेल्या मापावर आम्ही पडदा शिवत नाही, कारण वीतभर कमी पडला तर त्याच फटीतून वारा आत शिरतो.

गरारीवरचा (फिरत्या चाकावरचा) पडदा एकटा माणूस काही मिनिटांत उतरवतो. तो महाग आहे, पण शेडवर एकच राखणदार असेल तर आम्ही तोच सुचवतो. घरची चार माणसं हाताशी असतील तर दोरीचा पुरतो. नव्या पडद्याचं माप घ्यायला द्राक्षं रॅकवर चढण्याआधी, शेड रिकामी असताना बोलवा. मार्च ते मे या काळात आम्ही फाटलेले पडदे आधी घेतो, नवीन काम त्यानंतर.