कृष्णेवरची तर: सांगलीच्या होड्यांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात सांगलीकरांचं लक्ष आयर्विन पुलाच्या पाणीपातळीकडे असतं. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. हा पूल 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते खुला झाला. त्याआधी पावसाळ्यात सांगलीहून सांगलीवाडीला जायचं तर नावेशिवाय गत्यंतर नव्हतं.

कृष्णेच्या या भागात खडक फार आणि उन्हाळ्यात पाणी उथळ, त्यामुळे प्रवाहाच्या दिशेने लांबची मालवाहतूक इथे रुजली नाही. कोकणातल्या बंदरांवरचा माल घाट चढून बैलांवरून आणि गाड्यांतून यायचा. नदीवरची सगळी धांदल या काठावरून त्या काठाला जाण्याची. पाणी उतरलं की गाड्या थेट उतारातून, म्हणजे उथळ पात्रातून, जात. पावसाळाभर मात्र बाजारकरी, शेळ्या, बी-बियाणं, वऱ्हाड, सगळ्यांचा भार तरीवर, म्हणजे या काठावरून त्या काठाला नेणाऱ्या नावेवर.

हे काम कोळी-आंबी घराण्यांचं. गावकरी त्यांना सुगीला धान्य देत, परगावचा उतारू रोख पैसे देई. नाव समोर सरळ नेता येत नाही. आधी ती काठाकाठाने वरच्या अंगाला ओढत न्यायची, मग प्रवाहात सोडायची, म्हणजे वल्ही मारता मारता ती समोरच्या घाटाला लागते. किती वर न्यायची हे त्या दिवशीच्या ओढीवर ठरतं. भोवरा कुठे पडतो, वाहत येणारा ओंडका कुठून वळतो, किती माणसं घ्यायची आणि कुणाला काठावरच थांबवायचं, हे ठरवणारा नावाडीच. मला या कामातलं सर्वांत मोठं कसब हे थांबवणंच वाटतं. नाव नसेल तिथे गुळाची काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढईसुद्धा पाण्यात उतरायची.

इंग्रजी अमलात 1868 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या सार्वजनिक तरींचा कारभार सरकारी नियमाखाली आला. पुढे पूल झाले, एस.टी. आली आणि बहुतेक घाटांवरचा राबता आटला. औदुंबरला दत्तदर्शन घेऊन पलीकडे भुवनेश्वरीला नावेने जाणारे भाविक आणि पावसाळी होड्यांच्या शर्यती, एवढी खूण उरली.

महापुरात मात्र गावांना पुन्हा नावच लागते. 8 ऑगस्ट 2019 ला कृष्णा-येरळा संगमावरच्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि 17 जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. नदीकाठच्या गावांना बोटी द्यायलाच हव्यात. पण ती बोट चालवणारा, पाणी ओळखणारा आणि बोट भरली की पुढच्या माणसाला नाही म्हणू शकणारा माणूसही मे महिन्यातच तयार हवा.